गिरणी चालू असताना

चि. इरा आणि चि. अनय,

आपल्या कामरगावच्या गिरणीत वजनकाट्याखाली टायरचा एक तुकडा आहे. ट्रॅक्टरच्या टायरचा असावा. दोन बोटं जाड, काठांवर सुरीचे घाव, आणि इतक्या वर्षांच्या पिठाने पांढरा पडलेला. काटा तीनदा बदलला, जुन्या तराजूच्या जागी आकडे दाखवणारा आला, पण खालचा टायर तोच. तो मी या कार्तिकात पहिल्यांदा पाहिला. गिरणी माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे आहे आणि सत्तेचाळीस वर्षं मी तिच्यात पाऊल ठेवलं नव्हतं.

गिरणी मोठ्या आबाजींची, तुमच्या आजोबांच्या थोरल्या भावाची. म्हणजे माझे भासरे. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी बोलत नाही. समोर यावं लागलं तर डोक्यावर पदर घ्यायचा, आणि काही सांगायचं असेल तर तिसऱ्याला सांगायचं, ते दोन हातांवर उभे असले तरी. “आबाजींना सांगा, ताट वाढलं आहे,” असं मी भिंतीकडे पाहून म्हणत असे, आणि ते भिंतीकडे पाहून म्हणत, “धाकटीले म्हना, येतो.” इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली मुलगी असं बोलते हे माझ्या मैत्रिणींना खरं वाटत नसे. दळण मी कोणाच्या तरी हाती पाठवायची. त्या दिवशी न्यायला कोणी नव्हतं, सगळ्या कापूस वेचायला गेल्या होत्या, म्हणून डबा घेऊन मीच गेले. आबाजी आता दुपारी झोपतात आणि गिरणी त्यांची सून पुष्पा चालवते. पिठाने भुवयांपर्यंत पांढरी झालेली, मोठ्याने बोलणारी, कारण गिरणीत हळू बोलून चालत नाही.

“पुष्पा, हा टायर कशाला गं?”

“थो? काट्यासाठी, काकू. गिरनी सुरू झाली का भुई थरथरते, मंग काट्याची सुई नाचते. गिऱ्हाईक म्हनते, माहं दळन कमी भरलं, लावते भांडन. मामंजीनं पयल्याच दिवशी ठेवला म्हंतेत.”

“पहिल्याच दिवशी?”

“हो ना. हुशार मानूस. तुमाले माहीत नाई का?”

मला माहीत नव्हतं. पीठ घेऊन घरी आले, डबा जागेवर ठेवला, हात धुतले आणि पलंगावर बसले. पीठ अजून गरम होतं, त्याचा वास खोलीभर झाला. चालत्या गिरणीशेजारी सुई स्थिर कशी ठेवायची हे त्या माणसाला पहिल्याच दिवशी माहीत होतं. स्वतःच्या सुईला त्यांनी रबर दिलं. माझ्या तबकडीच्या सुईला भिंत.

तुमच्या आईला हे पत्र आवडणार नाही. मुलांना काय लिहिता, म्हणेल. वय झालं की माणूस मऊ होतं असं सगळे म्हणतात. मी वाट पाहिली, माझं तसं काही झालं नाही.

अमरावतीला आमच्या घरी रविवारची दुपार वेगळ्या वासाची असे. उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचे पडदे, त्यांवर मी तासातासाला पाणी मारायची. हिवाळ्यात गच्चीच्या कठड्यावर संत्र्यांच्या साली वाळत. माझे वडील कॉलेजात इंग्रजी शिकवत. रविवारी जेवण झालं की ते दोनदा हात धूत, जुन्या धोतराच्या मलमलीने तबकडी पुसत, एकाच दिशेने, आणि सुई ठेवण्याआधी श्वास धरत. तबकडीची एक बाजू संपेपर्यंत घरात कोणी भांडं खाली ठेवायचं नाही असा नियम होता. मी एकदा पाण्याचा पेला हातात धरून वीस मिनिटं स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले होते. आईच्या मांडीवर सोललेल्या वाटाण्यांची परात, आणि तिची बोटं शेंगेच्या टोकावर थांबलेली.

त्यांची सगळ्यांत आवडती तबकडी सारंगीची होती. एका बाजूला सबंध भीमपलास. उंबऱ्याबाहेर आखडलेली सावली पुन्हा लांबायला लागते तेव्हाचा राग, असं ते म्हणत. मला रागातलं काही कळत नसे. मला एवढं कळे की मध्यावर एका जागी सारंगी खाली उतरते, फार खाली, घशातून बोलल्यासारखी, आणि तिथे वडील दर वेळी चष्मा काढतात.

तबकड्या वाजवायचा तो स्टीरिओ त्यांनी मला लग्नात दिला, आणि सोबत सारंगीची धरून अठरा तबकड्या. दोन वेगळे लाकडी स्पीकर, वर धुरकट काचेचं झाकण. रुखवतात तो शेवयांच्या आणि कुरडयांच्या मध्ये मांडला होता. बायका पाहून जात आणि विचारत, “हे कायचं व?” माझ्या भासऱ्यांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, मिशीवरून कंगवा फिरवला आणि तुमच्या आजोबांना म्हणाले, “कपाट हाय का रे? याच्यात काय ठेवतेत?”

मिशीचं सांगायला हवं. तशी मिशी कामरगावात दुसरी नव्हती. एरंडेल लावून वळवलेली, दोन्ही टोकं गालांवर चढलेली. खिशात शिंगाचा छोटा कंगवा असायचा. पंचायतीत कोणी खोटं बोलला की ते बोलत नसत, नुसता कंगवा काढत.

स्टीरिओ ठेवायला माझ्या खोलीत कडप्प्याची फळी बसवली. गवंडी त्यांनीच पाठवला. इथे एखादी वस्तू हलू नये असं वाटलं की ती भिंतीत गाडतात. देवघर भिंतीत, पाळण्याची कडी भिंतीत, आरसा भिंतीत. भिंतीत गेलं म्हणजे पक्कं झालं. मलाही तसंच वाटलं. सिमेंट ओलं असताना मी त्यावर हात ठेवून पाहिला होता आणि मनात म्हटलं होतं, आता हलणार नाही. पुढच्या वर्षी त्याच भिंतीच्या दुसऱ्या अंगाला गिरणी आली. मोटरीचा चौथरा भिंतीच्या पायात जोडून बांधला.

गिरणी तिथेच का लावली, वावराकडे जागा असताना का लावली नाही, यावर मी फार विचार केला आहे. तो तुम्हाला सांगत बसत नाही.

गिरणीची वेळ दुपारी दोनची. माझी मोकळी वेळ दुपारी दोनची, दिवसातली एकच. सकाळी सासूबाईंची पूजा, चहा, भाकरी, वावरातल्या माणसांचे डबे. संध्याकाळी बैठकीत माणसं. दोन ते चार सगळं घर आडवं होई, तेव्हा मी फळीपाशी उभी राहून तबकडी पुसायची, एकाच दिशेने. मग भिंतीतून आधी मोटरीची गुणगुण येई, मग पट्ट्याची फटक फटक, मग जात्यात दाणा पडला की एक जाड घरघर. ती कडप्प्यात शिरे, कडप्प्यातून स्टीरिओत, आणि सुई उडे. वीज गेली की गिरणी थांबे. पण मग माझा स्टीरिओही थांबलेला असे.

महिन्यातून एकदा जात्याला टाकी लावायला माणूस येई. त्या दिवशी दळण बंद. तो छिन्नीने दगड टोचत बसायचा, टक टक, अगदी हलक्या हाताने, आणि माझ्या खोलीत भीमपलास अर्धा-पाऊण वाजायचा. पहिल्या वर्षी मी कॅलेंडरवर त्या तारखांना पेन्सिलीने टिंब करत असे. सण बघत नसे, टिंब बघत असे.

खोटं कशाला सांगू, त्या गिरणीचे वास मला अजून आवडतात. पौषात नव्या ज्वारीचा, किंचित करपलेला, गोड. चैत्रात गव्हाचा कोरडा. दिवाळीआधी सगळ्या गावाची चकलीची भाजणी दळून झाली की दोन दिवस कोणाच्याही पिठाला धने-जिऱ्याचा वास यायचा, भाकरीसुद्धा भाजणीची लागायची. आणि तुमचे बाबा लहान असताना त्या घरघरीवर झोपायचे. गिरणी बंद पडली की दचकून उठायचे. माझ्या मुलाला माझ्या शत्रूने अंगाई म्हटली, हेही मी लक्षात ठेवलं आहे.

माझे वडील गेले तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. तेरावं करून मी अमरावतीहून परतले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी सारंगीची तबकडी लावली. एवढंच हवं होतं की ती खालच्या सुरापर्यंत जावी. एक दिवस. मी सकाळीच जाऊबाईंना, जिजीला, सांगून ठेवलं होतं, “आबाजींना म्हणा, आज चारनंतर लावा.” जिजीने सांगितलं. उत्तर तिनेच आणलं, मान खाली घालून. “थे म्हंतेत, गिरनी काय गान्याच्या टायमानं चालते का?”

सारंगी उतरायला लागली आणि गिरणी सुरू झाली. सुई उडाली, पुन्हा पडली, पुन्हा उडाली आणि मग एका जागी अडकली. तीन सूर. तेच तीन सूर, परत तेच तीन सूर. ती उचलायला हवी होती, तबकडीवर चरा पडत होता, पण माझा हात उठेना. मला वाटत होतं ती पुढे जाईल. दळणाचे डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका खिडकीशी आल्या. कोणी हसलं. मग सगळ्याच हसल्या. माझ्यावर असं नाही, बकरी ओरडल्यासारखा तो आवाजच होता.

भासरे अंगणात आले. खिडकीकडे पाठ करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “शहरातला डबा हाय बापा. शहरातल्या मानसासारखाच. जरासा धक्का लागला का रडते.”

हसण्याला जोर आला. तेव्हा त्यांनी कंगवा काढला. “आयका सारे. माही गिरनी चालू असताना त्या डब्यावर गान्याचा एक तवा पुरा वाजला, त म्या तोंडावर मिशी ठेवनार नाई!”

तुमचे आजोबा ओसरीवर उभे होते. ते हसले नाहीत. बोललेही नाहीत. आत आले, सुई उचलली आणि म्हणाले, “जाऊ दे ना.” चांगला माणूस होता. त्यांच्यावरचा माझा राग सहा वर्षांपूर्वी त्यांच्याबरोबर गेला, बहुतेक.

मी डोक्यावरचा पदर नीट केला, स्टीरिओ तबकड्यांसकट जुन्या लुगड्यात बांधला आणि माळ्यावर ठेवला. मग पावसाळे गेले, मुंजी झाल्या, लग्नं झाली, अर्ध्या कपाशीच्या जागी सोयाबीन आलं, विहिरीवर मोटर आली, अंगणात टीव्ही आला. मी गाणं ऐकलं नाही. माहेरी गेले तरी नाही. काही वर्षांनी लक्षात आलं की तो खालचा सूर मला आठवत नाही. तो उतरतो एवढं आठवे, चष्मा आठवे, मध्ये रिकामी जागा. माणसाचं काय काय घेता येतं याची यादी केली तर हे त्यात कोणी लिहिणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं आलात आणि इराने माळ्यावर चढून ते गाठोडं खाली आणलं. “आजी, हे तू फेकणार होतीस?” असं, इरा, तू म्हणालीस. तिकडून नवी सुई आणि नवा पट्टा पाठवलास. भिंग लावून मी ते बसवले, माझ्या सवयीप्रमाणे आधी कागदावर क्रम लिहून. स्टीरिओ फळीवर ठेवला, तबकडी लावली, आणि दोन वाजता सुई उडाली. व्हिडिओवर तू म्हणालीस, “आजी, हे कंपनामुळे होतंय. खाली लावायचे खास पाय मिळतात, पण फार महाग असतात गं.” मी म्हटलं, राहू दे. तेव्हा मला वाटलं होतं की राहू दे.

मग कार्तिकात तो टायर दिसला.

मी वही केली. टेबल भिंतीपासून चार हात दूर, खोलीच्या मध्ये घेतलं. भिंतीवरची फळी तशीच रिकामी ठेवली, नवऱ्याने सोडलेल्या बाईसारखी. कंप मोजायला स्टीलच्या वाटीत पाणी घेतलं आणि त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहायचं ठरवलं. रेघ सरळ म्हणजे पास. रेघेच्या बरगड्या झाल्या म्हणजे नापास.

भासऱ्यांचा मान म्हणून पहिला टायर. पुष्पाने त्याच्याच भावकीतला एक तुकडा आणून दिला. नापास. यावर मी तीन दिवस विचार केला. काटा जड, त्यावर ज्वारीचं पोतं, म्हणून टायर दबतो. माझा स्टीरिओ हलका, तो टायरला दाबतच नाही, टायर त्याच्यासाठी दगडच. वर्तमानपत्रांची चळत, नापास. कापसाची गादी, पास, पण स्टीरिओ एका अंगाला कलला आणि सुई घसरत तबकडीच्या मध्यावर गेली. थर्माकोल, नापास, वर किरकिर. मग मला कळलं की वर जड हवं आणि खाली मऊ, आणि मऊ असूनही सरळ. जड म्हणून मी पाटा काढला, माझ्या सासूबाईंचा. उलटा ठेवला, सपाट बाजू वर. पण खाली काय?

जिजी रोज तीनला चहाला येते. आता ऐंशीची आहे. ती माझी वही पाहून हसायची. त्या दिवशी बशीतून चहा पिता पिता म्हणाली, “तू इतकी शिकली, पन पानी भरलं नाई ना व कधी.”

“म्हणजे?”

“डोक्यावर दोन हंडे, काखेत एक, नाल्यातून चढून येत होतो आमी. सांडे का पानी? काहून नाई सांडे?”

“का?”

“चुंबळीनं. लुगड्याची चुंबळ हंड्याखाली. घट्ट पिळली त डोक्स दुखते अन् पानी हिनकळते. ढिली पिळली त हंडा पडते. मधातली पायजे.”

मग दोघींनी मिळून चुंबळ केली. कापडाची चुंबळ पाट्याच्या वजनाने बसून जाई, म्हणून मी लहान मुलांच्या सायकलची जुनी ट्यूब आणली, पंक्चरवाल्याकडून अर्धीच हवा भरून घेतली. ट्यूबवर जिजीने जुन्या लुगड्याचे वेढे घातले, पाटा सरकू नये म्हणून, आणि घालताना सबंध वेळ पुटपुटत होती, “मधातली, मधातली.” वर पाटा. पाट्यावर स्टीरिओ. स्पीकरच्या चारही कोपऱ्यांखाली हवाई चपलेचे चौकोन. सगळं घरातलं, एक पंक्चरवाल्याची हवा सोडली तर.

वाटी ठेवली. दोन वाजले. भिंतीतून गुणगुण आली, पट्टा, मग घरघर. खोलीतली खिडकी थरथरत होती. वाटीतली रेघ हलकेच एकदा झुलली आणि सरळ उभी राहिली.

जिजी म्हणाली, “व माय.”

मी त्या दिवशी तबकडी लावली नाही. जिजीला सांगून ठेवलं की कोणाला काही बोलायचं नाही. मग पुष्पाजवळ निरोप दिला: मंगळवारी दुपारी दोनला आबाजींनी माझ्या खोलीत चहाला यावं. गिरणी चालू ठेवूनच यावं. आणि बसस्टँडजवळच्या सलूनमधल्या गजाननला बोलावणं धाडलं.

गजानन पेटी घेऊन आला आणि ओसरीवरच अडून बसला. “आजी, आबाजीची मिशी? मजाक करून राह्यले का? गावात माह्या दुकानात कोन यीन मंग?”

“तू बस फक्त. लागलं तर सांगेन.”

आबाजी काठी टेकत आले. शहाऐंशी वर्षांचे, पण मिशी तशीच, पांढरी, एरंडेल लावलेली. खुर्चीवर बसले, रिकाम्या फळीकडे पाहिलं, मग टेबलाकडे. त्यांनी भिंतीला विचारलं, “हा पाटा उलटा काहून ठेवला?” भिंतीने उत्तर दिलं नाही. दारात पुष्पा उभी होती, तिच्यामागे दळणाला आलेल्या दोघी. गिरणीवर तिने आपल्या बहिणीला बसवलं होतं. भिंत घुमत होती.

मी तबकडी पुसली, एकाच दिशेने, आणि सुई ठेवली.

सारंगी आली. इतकी स्वच्छ मी ती अमरावतीलाही ऐकली नव्हती. गिरणी कुठे गेली नाही, ती तिथेच होती, जमिनीत, खिडकीच्या काचेत, आबाजींच्या काठीच्या टोकात. पण सारंगी तिच्यावरून चालत होती, डोक्यावर भरलेला हंडा घेऊन चालावं तशी. मिनिटं जात होती. चरा पडलेली जागा जवळ येत होती आणि मी नखं तळहातात रुतवून उभी होते. त्या जागेवर सुई आली. टक झालं. एक फेरा, टक. दुसरा फेरा, टक. आणि ती पुढे गेली, उतरली, खाली, अजून खाली, आणि त्या स्वरावर जाऊन बसली. मला तो आठवला असं नाही म्हणता येणार. मला तो पुन्हा मिळाला. वाटाणे, परात, काढलेला चष्मा. मला रडायचं नव्हतं, त्या माणसासमोर तर नाहीच, म्हणून मी पुढची दहा मिनिटं पाट्याच्या कडेकडे पाहत राहिले.

सुई मध्यावर जाऊन थांबली. आबाजी काठीवर भार देऊन उठायला लागले. “चांगलं वाजलं,” पुष्पाला म्हणाले. “धाकटीले म्हना, चांगलं वाजलं.”

मी डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि त्यांच्याकडे पाहून म्हणाले, “आबाजी, मिशी.”

अठ्ठेचाळीस वर्षांत मी त्यांच्याशी बोललेला तो पहिला शब्द. त्यांना आधी मी कोणाशी बोलते आहे हेच कळेना. मग म्हणाले, “कोनती मिशी?”

मी त्यांचे शब्द त्यांना जसेच्या तसे म्हणून दाखवले. त्यांच्याच बोलीत.

“म्या?” ते पुष्पाकडे वळले. “म्या कवा म्हटलं असं? हे सपनात आलं असन इले.”

त्यांना खरंच आठवत नव्हतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. मी सगळ्या शक्यता धरल्या होत्या, ही धरली नव्हती. ज्या वाक्यावर मी अर्धं आयुष्य काढलं ते त्यांनी बोलून अंगणात टाकून दिलं होतं, कोंड्यासारखं. आणि ऐकणाऱ्या त्या बायका, डबे घेऊन हसणाऱ्या, सगळ्या गेल्या होत्या.

“म्हटलं होतं,” जिजी म्हणाली. ती पलंगाच्या कडेला बसली होती, हातात चहाची रिकामी बशी. “मी तुमच्या मांगं उभी होती. सुपात गहू होते. तुमी कंगवा काढला अन् म्हटलं.”

“तू बी?” आबाजी म्हणाले.

“मी बी. हिनं सकाळी सांगितलं होतं, चारनंतर लावा. तिचा बाप मेला होता. मी तुमाले सांगितलं. तुमी आयकलं नाई.” मग बशी खाली ठेवून म्हणाली, “थे मले बी याद हाय.”

आबाजी जुन्या सवयीने भिंतीला म्हणाले, “धाकटीले म्हना, झालं गेलं. आजपासून दोन ते चार गिरनी बंद ठेवतो. रोज. मंग त झालं?”

सेहेचाळीस वर्षांपूर्वी मी एक दिवस मागितला होता. आता सगळे दिवस देत होते. पुष्पा माझ्याकडे आशेने पाहत होती, दारातल्या दोघींनी मानाही डोलवल्या. इतकं झाल्यावर शहाणी बाई हो म्हणते.

“नाही,” मी म्हणाले. “गिरणी बंद करायची नाही, आबाजी. रोज दोनला चालू पाहिजे. ती चालू असताना मी ऐकणार. आणि तुम्ही बोलला होतात ते करायचं. गजानन, ये आत.”

“बसा,” जिजी नवऱ्याला म्हणाली. “बसा खुर्चीवर. लोकाईच्या पंचायती केल्या ना तुमी.”

ते बसले. गजाननने दोनदा वस्तरा जवळ नेला आणि मागे घेतला, तेव्हा आबाजीच त्याला ओरडले, “नीट धर ना बे, कापशीन!” साबणाचा वास आला. आधी डावीकडची बाजू गेली, मग उजवीकडची, एरंडेलाने जड झालेल्या दोन पांढऱ्या बटा त्यांच्या मांडीवरच्या पंच्यावर पडल्या. मिशीखाली फिकट, नाजूक, कधी ऊन न पाहिलेला ओठ होता. तो लहान मुलाच्या ओठासारखा होता. तुम्ही विचाराल, आजी, तेव्हा तरी तुला वाईट वाटलं का? मी पाहत होते, अगदी जवळून, डोक्यावर पदर न घेता. मला छान वाटलं.

त्यांनी बोटांनी ओठ चाचपला. आरसा मागितला नाही. उठता उठता पहिल्यांदाच भिंतीला सोडून माझ्याकडे पाहिलं.

“मिशी यीन परत,” ते म्हणाले. “मिशीच हाय. महिन्याभरात यीन.”

“येऊ द्या,” मी म्हणाले. “माझ्याजवळ अजून सतरा तबकड्या आहेत.”